सुरूच्या बनातला मुक्काम

समुद्रकाठी मुक्कामाला जायचं ठरलं की आमच्या गटातली तरुण मंडळी आता आठवडाभर आधीच फोनवर यादी फिरवतात. दोन माणसांचे तंबू, खाली अंथरायच्या फोमच्या चटया, डोक्याला बांधायचे दिवे, बर्फाची पेटी, प्रथमोपचाराची पिशवी. त्याखाली मासेमारीची वेगळी यादी असते. आठ आणि नऊ नंबरच्या फ्लायच्या काठ्या, खाऱ्या पाण्यात न गंजणारी रिळं, फ्लायच्या डब्या, गळ सोडवायचे चिमटे. १९८०च्या दशकात याच वाळूवर आम्ही यायचो तेव्हा यादी तोंडी असायची. प्रत्येकाने एक घोंगडं, एक ताट-वाटी, पाच-सहा भाकऱ्या आणि घरात असेल तेवढी कांदा-लसूण चटणी आणायची. उरलेलं गाव देईल, असा हिशेब. आणि गाव खरंच द्यायचं.

ही वाळू म्हणजे मालवण तालुक्यातलं तोंडवळी-तळाशील. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. पट्टीवर माडांच्या वाड्या आणि तोंडवळीकडे सुरूचं दाट बन. दक्षिणेला खाडीचं मुख आणि पलीकडे सर्जेकोट. समुद्रावर मासा लागला नाही तर चार पावलं चालून खाडीवर जावं, खाडी थंड असेल तर परत समुद्रावर यावं, अशी सोय कोकणात फार थोड्या ठिकाणी आहे. आम्ही कोल्हापूरची मुलं पंचगंगेवर आणि रंकाळ्यावर गळ टाकायला शिकलेली. आम्हाला ही जागा कुणी दाखवली नसती तर आम्ही मालवणच्या बंदरावरूनच माघारी गेलो असतो.

नाताळच्या सुट्टीत राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली करत एसटी मालवणला पोचायची तोवर दिवस कलायचा. तिथून कोळंबच्या खाडीवरून सर्जेकोट आणि सर्जेकोटहून होडीने तळाशील. टपावरून उतरवलेल्या कळकाच्या काठ्या होडीत आडव्या टाकल्या की बाकीच्यांना पाय ठेवायला जागा उरायची नाही. होडीवाल्या तात्यांनी पहिल्या वेळी विचारलेलं अजून कानात आहे. "खंयसून इलास? आणि ऱ्हवतलास खंय?" कुठून आलात आणि राहणार कुठे, एवढे दोनच प्रश्न. उत्तर ऐकून त्यांनी आम्हाला त्यांच्या वाडीच्या मागची जागा दाखवली, विहीर दाखवली आणि एक गोष्ट निक्षून सांगितली. "सुकतीच्या वक्तार मुखाशी पाण्यात उतरा नको. वढ आसा थंय." ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या मुखातून समुद्राकडे धावतं आणि भल्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतं, हे आम्हाला पंचगंगेने शिकवलं नव्हतं. त्या एका वाक्याने आमच्यातले किती जण वाचले असतील, सांगता येणार नाही.

तंबू नव्हता. बुंध्यांना दोर बांधून त्यावर ताडपत्री टाकायची आणि तिच्या कडांवर वाळू लोटायची. एक कंदील. चुलीला माडाची वाळलेली चुडतं, सोडणं आणि सुरूची गळून पडलेली सुईसारखी पानं, जी क्षणात पेटतात आणि क्षणात विझतात. स्वयंपाकाला बसणारा एक जण, जाळ राखणारा दुसरा, विहिरीवरून घागर आणणारा तिसरा. कुणी कामं वाटून दिली नव्हती, पण रिकामा कुणी बसत नसे.

गरवायचं सामान तर त्याहून साधं. कळकाची काठी खाडीवर चालायची. समुद्रावर तंगुसाची दोरी लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेली, टोकाला शिसं, वर दोन गळ. दोरीचा फेर डोक्याभोवती फिरवून लाटेपलीकडे भिरकवायचा आणि दोरी तर्जनीवर धरून उभं राहायचं. आमिष म्हणजे किनाऱ्यावर उकरलेल्या तिसऱ्या, नाहीतर खाडीत पाग टाकणाऱ्याने मूठभर दिलेली कोळंबी. करकरा, शिंगाळा, पालू, क्वचित एखादी वागळी. खाडीच्या खडकांपाशी तांबोशी, आणि नशीब असेल त्या संध्याकाळी जिताडा, ज्याला तिकडे चोणक म्हणतात. मिळालेला प्रत्येक मासा कालवणात जायचा. लहान-मोठा बघायची पद्धत कुणाचीच नव्हती, गावाचीही नाही.

मात्र त्या मुक्कामांतली माझी सगळ्यात आवडती वेळ गळावरची नव्हे. ती सकाळची, रापणीची. पहाटे मतलई वारा सुटलेला असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, आणि पाणी आरशासारखं सपाट असतं. होडी जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून समुद्रात अर्धगोल मारते आणि दुसरं टोक दूरवर परत काठाला आणते. मग दोन्ही दोरांना माणसं लागतात. बापये, बायका, शाळेत जायच्या आधी आलेली पोरं. कमरेला दोर अडकवून मागे मागे चालत जायचं, टोकाला पोचलं की सोडून पुन्हा पाण्याजवळ येऊन दोर धरायचा. हे काम तास-दोन तास चालतं. दोन्ही टोळ्या हळूहळू एकमेकींजवळ येतात, जाळ्याचा खोलगट भाग उथळ पाण्यात दिसायला लागतो आणि पाणी चांदीसारखं फुटतं. तारली, बांगडे, पेडवे, सुंगटं, मधेच एखादी कर्ली.

रापणीचा नियम असा की दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. जाळ्याचे भागधारक वेगळे, होडीचा भाग वेगळा, पण ओढणारा रिकाम्या हाताने जात नाही. आम्ही हौसेने दोर धरला होता, मदत किती झाली असेल देव जाणे. तरी वाटे पडताना एका मावशींनी आमच्यापुढे बांगड्यांचा ढीग ओतला. आम्ही नको म्हटलं तर त्यांनी विचारलं, "वडलास मां? मगे?" ओढलंत ना, मग? त्या दिवसापासून आम्ही पाहुणे राहिलो नाही. दर वर्षी पोचल्यावर पहिला प्रश्न असायचा की उद्या रापण कधी लागणार.

ते बांगडे आम्ही केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यांवर भाजायचो, मीठ आणि आमचीच चटणी लावून. तात्यांच्या घरातून उकड्या तांदळाची पेज यायची, कधी तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण. बदल्यात आम्ही कोल्हापूरचा गूळ न्यायचो. पैशाचा विषय कुणी काढला नाही. काढला असता तर त्या माणसांना वाईट वाटलं असतं, एवढी अक्कल त्या वयातही आम्हाला होती.

आता सारं बदललंय आणि बदलातलं बरंच चांगलं आहे, हे मला आधी सांगायला हवं. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ साली चिपीच्या विमानतळावरून विमानसेवा सुरू झाली. तात्या आता नाहीत. त्यांचा नातू घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, न्याहारीला घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ घालतो, आणि त्या उत्पन्नावर त्याला मुंबईची वाट धरावी लागली नाही. आमच्या काळी त्या वाडीतला जवळपास प्रत्येक तरुण चाकरमानी व्हायचा. हा फरक लहान नाही.

दुसरा फरक आमच्याच गटात पडला. तेव्हा आम्ही फक्त मुलगे होतो. घरच्या मुलींना एका रात्रीसाठीही समुद्रावर पाठवायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. आज आमच्या गटात दोघांच्या मुली आहेत, एकाची सून आहे, आणि वाऱ्यात सगळ्यात लांब दोरी टाकते ती त्यातलीच एक.

फ्लायची काठी आमच्याकडे आणली भाच्याने. तो फ्लोरिडात नोकरीला आहे, आणि खाऱ्या पाण्यातली फ्लायची मासेमारी तिथल्या लोकांच्या हाडीमाशी भिनलेली आहे. १९४७ साली जो ब्रुक्स यांनी फ्लोरिडाच्या कीज बेटांवर फ्लायने बोनफिश पकडून दाखवला, तेव्हापासून या खेळाला तिथे धार आली. पुढे लेफ्टी क्रे यांनी १९७४ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यांच्या 'डिसीव्हर' या फ्लायचं चित्र अमेरिकेच्या टपाल तिकिटावरही आलं. भाच्याच्या डबीतली मला सर्वांत आवडलेली फ्लाय मात्र 'क्लाउझर मिनो'. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी ती आपल्या सस्क्वेहाना नदीतल्या माशांसाठी बांधली होती. तिला शिशाचे दोन डोळे असतात, त्यामुळे ती पाण्यात टुणटुणत बुडते-उठते. नदीसाठी केलेली ही फ्लाय जगभरच्या समुद्रांवर चालली. पंचगंगेवरून तळाशीलला आलेल्या आम्हा लोकांना तिच्याबद्दल आपुलकी वाटली, तर त्यात नवल काय!

ज्याने ही मासेमारी पाहिली नाही त्याच्यासाठी थोडं सांगतो. एरवी आपण जड शिसं फेकतो आणि दोरी त्याच्यामागे जाते. इथे दोरीच जाड आणि वजनदार असते, आणि टोकाची पिसांची-केसांची फ्लाय जवळजवळ वजनहीन. म्हणून काठी मागे-पुढे झुलवत दोरीला हवेत पल्ला द्यावा लागतो, आणि समुद्रावरच्या वाऱ्यात तो पल्ला मिळायला डाव्या हाताने नेमक्या क्षणी दोरीला हिसका द्यावा लागतो, एकदा मागे जाताना, एकदा पुढे येताना. मासा लागला की काठी वर उचलायची नाही. उचलली तर फ्लाय त्याच्या तोंडातून सुटून येते. काठी पाण्याकडे सरळ ठेवून हातानेच दोरी ओढायची. आमची सारी हयात काठी वर उचलण्यात गेलेली, त्यामुळे नवा हात बसायला वेळ लागला. पण पहाटेच्या मतलई वाऱ्यात, पाठीवरून समुद्राकडे जाणाऱ्या झुळकीबरोबर, ती दोरी वळण उलगडत लाटेवर जाऊन अलगद पडते तेव्हा जे समाधान मिळतं, ते शिसं भिरकावून मला कधी मिळालं नाही. दुपारी वायव्येचा वारा तोंडावर आला की काठ्या गुंडाळून खाडीच्या आडोशाला जायचं.

आता आमच्यातले दोघे कोल्हापुरात घरी बसून फ्लाय बांधतात. परदेशात हरणाच्या शेपटीचे केस वापरतात, आपल्याकडे तो विषय काढूही नये. हे दोघे बोकडाच्या शेपटीचे केस आणि कोंबड्याची पिसं वापरतात, आणि खाडीतली तांबोशी त्या फ्लायवर तुटून पडते.

जाणतेपणाही वाढला आहे. भरतीची वेळ आता फोनवर मिनिटापर्यंत कळते. तात्या तिथीची पाऊणपट करायचे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, हे त्यांना पंचांगाकडे न बघता माहीत असायचं, कारण आकाशाकडे बघितलेलं असायचं. फोनवरची वेळ त्यांच्या हिशेबापेक्षा नेमकी आहे, यात शंका नाही. पण नेटवर्क गेलं की आमची मुलं माझ्याकडे बघतात आणि मी पाऊणपट करून सांगतो. मुलांना हा हिशेब शिकवून ठेवा, एवढंच म्हणेन. जो चंद्र बघून भरती ओळखतो त्याची समुद्राशी ओळख जास्त घट्ट असते, असं माझं मत आहे.

आणि मासा परत सोडण्याची पद्धत. याबद्दल माझ्या मनात पहिल्यांदा राग होता. अन्नाशी खेळ कसला, असं वाटायचं. मग भाच्याने जिताड्याची गोष्ट सांगितली. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे आपण ज्याच्यासोबत फोटो काढतो तो भलामोठा, जाडजूड जिताडा बहुधा अंडी घालणारी मादी असते. तांबोशीचं वेगळं. खाडीत कांदळवनाच्या मुळांशी आणि खडकांत मिळते ती तिची वाढीची वर्षं असतात. पूर्ण वयात आली की ती बाहेर खोल समुद्रातल्या खडकांवर जाते आणि तिथे अंडी घालते. खाडीत मारलेली तांबोशी म्हणजे एकदाही पिल्लं न दिलेली तांबोशी. हे कळल्यावर आमच्या गटाने ठरवलं की गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकायचा, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून सोडवायचा, आणि जेवणापुरता मध्यम आकाराचा एखादा करकरा किंवा शिंगाळा घ्यायचा. बाकीचं जेवण गावातून विकत.

मात्र जे गेलंय, त्याची भरपाई ह्या कुठल्याच चांगल्या गोष्टींनी होत नाही. पहिलं म्हणजे मासा. संध्याकाळच्या भरतीला पूर्वी दोरी टाकली की बोटाला टोचणी लागायचीच. आता तासन्‌तास लाट तेवढी येते-जाते. गळवाल्याने समुद्र रिकामा केला नाही, ते त्याला शक्यही नाही. पर्ससीनची अवाढव्य जाळी थवेच्या थवे वेढून उचलतात आणि एलईडीच्या झगझगीत दिव्यांनी रात्री मासळी गोळा केली जाते. पर्ससीनवर राज्य शासनाने २०१६ साली कडक निर्बंध घातले, एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी आणली. कागद चांगले आहेत. तरीही किनाऱ्यावर उभं राहिलं की काळोख्या रात्री क्षितिजावर दिव्यांची पांढरी रेघ दिसते, आणि रापणीच्या गावातली माणसं ती बघून गप्प होतात.

रापण अजून लागते, पण कमी. दोर ओढायला तरुण हात मिळत नाहीत आणि ओढून आणलेल्या जाळ्यात पुष्कळदा वाट्याला येण्याजोगं काही नसतं. गेल्या वेळी आम्ही दोराला लागलो तेव्हा निम्म्याहून जास्त ओढणारे आमच्यासारखे बाहेरचे होते. वाटा पडला, आम्हालाही मिळाला. त्या ओंजळभर पेडव्यांकडे बघून मला पूर्वीच्या मावशींच्या समोर उभं राहिल्यासारखं वाटलं. नियम त्यांनी सोडला नव्हता.

वाळूही गेली. तळाशीलला समुद्राने किनारा खात खात आणला आहे, काही ठिकाणी दगडांचा बंधारा घालावा लागला. आमच्या ताडपत्रीची जुनी जागा मी आता दाखवू शकत नाही. तिथे पाणी आहे.

आणि काळोख गेला. पूर्वी कंदील विझवला की थंडीच्या रात्री कधी कधी लाट फुटताना निळी पेटायची, पाण्यातल्या बारीक जीवांचा तो उजेड. आम्ही ओल्या वाळूवर पाय आपटून ठिणग्या पाडायचो. आता कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर मुक्कामाची पॅकेजं मिळतात. एका रांगेत रंगीत तंबू, झिरमिळ्या दिव्यांच्या माळा, स्पीकर, शेकोटी, वाळूवर फिरणाऱ्या गाड्या. येणाऱ्या मुलांना दोष देत नाही. त्यांना समुद्र हवा आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांना तो कुणीतरी विकतो आणि विकताना गाव वगळतो. विहीर कुणाची, रापण कधी, मुखाशी ओढ कुठे, हे त्यांना कुणी सांगत नाही. तात्यांच्या जागी आता एक फोन नंबर आहे. बुडण्याच्या बातम्या दर वर्षी येतात, त्या वाचताना मला तात्यांचं तेच वाक्य आठवतं.

तंबूंवरच्या त्या दिव्यांचं आणखी एक. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. आमच्या काळी ती अंडी सर्रास खाल्ली जायची, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या बाबतीत आजचा काळ फार पुढे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि ते काम पुढे किनारपट्टीवरच्या कितीतरी गावांनी उचललं. पण घरटी राखूनही पिल्लू बाहेर आलं की ते उजेडाच्या दिशेने चालतं. काळोखी रात्र असेल तर तो उजेड समुद्राचा असतो. दिव्यांच्या माळा असतील तर ते तंबूकडे चालू लागतं. आमच्या गटात म्हणून हिवाळ्यात किनाऱ्याच्या बाजूला पांढरा दिवा लावत नाही, डोक्यावरचे दिवे लाल ठेवतो, आणि चूल बनाच्या आत, वाडीवाल्याने दाखवलेल्या जागी.

तरुण मंडळी मला विचारतात की काका, तेव्हाचं बरं होतं की आताचं. माझं उत्तर ठरलेलं आहे. मासे धरणारा आताचा चांगला, किनारा तेव्हाचा चांगला. तेव्हा आम्हाला काहीच येत नव्हतं आणि गावाने सांभाळून घेतलं. आज आम्हाला पुष्कळ येतं, तेव्हा गावाला सांभाळून घ्यायची पाळी आमची आहे.

म्हणून, जे कुणी या थंडीत काठ्या आणि तंबू बांधून कोकणात उतरणार असाल, त्यांना एवढंच मागणं आहे. थोडे जण जा. वाळूवर खुंटी ठोकण्याआधी वाडीत जाऊन विचारा, आणि मुखाशी ओढ कुठे आहे ते तिथल्याच माणसाकडून ऐका. मोठा जिताडा आणि खाडीतली तांबोशी परत सोडा. जेवणाची मासळी रापणीवर विकत घ्या. आणि सकाळी दोर ओढताना माणसं दिसली, तर काठी वाळूत रोवून आधी दोराला हात लावा.